थंडीतला मुळा, थोडा थोडा पेरलेला

आज परसबागेतल्या मुळ्याबद्दल बोलू या. आपल्या निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाच्या तयार मण्यांना तडे जातील म्हणून बागवाले रात्री शेकोट्या पेटवतात. मुळ्याला मात्र ही थंडी मानवते. उन्हाळ्यातला मुळा तिखट आणि जरड होतो, थंडीतला गोडसर आणि रसरशीत.

तरी गटाच्या बैठकीत बायका म्हणतात, "मुळा लावला होता, पण पोचट निघाला." आम्ही विचारतो, पुडी कशी पेरली? बहुतेक ठिकाणी सगळी एकदम पेरलेली असते. मग सगळा मुळा एकाच आठवड्यात तयार होतो. घरात खाऊन किती खाणार? बाजारात न्यावा तर त्याच आठवड्यात सगळ्यांचा मुळा आलेला. उरलेला जमिनीत राहतो, आतून पोकळ होतो, दांडा वर काढतो आणि शेवटी म्हशीपुढे जातो. बागेत दिवसभर मजुरी करून आपण भाजी विकत आणतो आणि दारची भाजी अशी वाया जाते, हे आम्हाला खटकतं.

म्हणून एका वेळी दोनच ओळी पेरायच्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दर १२-१५ दिवसांनी पुढच्या दोन. पुडीचं तोंड घट्ट बांधून ती कोरड्या डब्यात ठेवा.

जागा द्राक्षबागेच्या कडेला नको. तिथे फवारणी उडते, आणि मुळ्याचा पाला आपण खातो. साबणाचं पाणीही नको, कारण मुळा कच्चा खायचा असतो. माती फूटभर खोल भुसभुशीत करा, दगड-ढेकळं वेचा. शेणखत चांगलं कुजलेलंच हवं. ओल्या शेणाने मुळ्याला फाटे फुटतात. वरंब्यावर अर्धा इंच खोल बी टाका, दोन ओळींत फूटभर अंतर ठेवा. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मूळ वाकडं होतं.

विरळणी करताना बायकांचा हात थांबतो, जीव तुटतो. पण चार बोटांवर एक रोप ठेवलं नाही तर नुसता पालाच वाढतो. उपटलेली कोवळी रोपं मुगाची डाळ घालून परतून खा. पाल्यात लोह आणि चुना मुळ्यापेक्षा जास्त असतो, आणि आपल्यातल्या कित्येकींचं रक्त कमी आहे.

पाणी बेताचं पण नेमाने द्या. चार दिवस ताण देऊन मग भरपूर पाणी सोडलं की मुळा तडकतो. कडाक्याची थंडी असेल तेव्हा पहाटे विहिरीचं पाणी द्यावं, ते उबदार असतं. ओळींमध्ये पाचट पसरलं की ओलही टिकते. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा.

जात बघून घ्या. पुसा चेतकी उन्हाळ्या-पावसाळ्याची. थंडीसाठी जपानी व्हाइट किंवा पुसा हिमानी. ऑक्टोबरात पेरलेला मुळा साधारण ४५-५० दिवसांत येतो, डिसेंबरातला आणखी आठ-दहा दिवस घेतो. त्यामुळे नुसते दिवस मोजू नका. मुळ्याचा माथा मातीवर आला की एक उपटून चाखा. बाहेरच्या पानाचा देठ मोडून बघा. तो पोकळ झाला असेल तर आतला मुळाही बहुधा पोचट होऊ लागलेला असतो. मग ती ओळ दोन-तीन दिवसांत काढा, शेजारी द्या, कोशिंबीर करा, थालीपिठात किसा.

शेवटच्या ओळीतले चार-पाच मुळे मुद्दाम राहू द्या. फुलं येऊन शेंगा धरतील. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी सासूबाईंना विचारून करा, त्यांचा हात त्यात बसलेला असतो. पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर पुडीवर "संकरित" लिहिलेलं नाही ना, ते आधी वाचून घ्या.