भूभाग व किनारपट्टीच्या निरीक्षणात उपग्रहांचे योगदान

प्रस्तावना

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि एकाच भूभागाची ठराविक कालांतराने पुनःपुन्हा नोंद घेणे शक्य झाले. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून प्रक्षेपित झाला. प्रस्तुत लेखात या उपग्रहांची कार्यपद्धती, उपयुक्तता व मर्यादा यांचा किनारपट्टीच्या संदर्भात विचार केला आहे.

निरीक्षणाचे तत्त्व

प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशाचे परावर्तन आपल्या प्रकृतीनुसार करतो. हिरवी वनस्पती तांबडा प्रकाश शोषून घेते, तर निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. पाणी मात्र निकट-अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. त्यामुळे या दोन पट्ट्यांतील नोंदींची तुलना केली असता खारफुटी, चिखलपट्टा, वाळू आणि पाणी एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात.

विभेदनक्षमता व व्याप्ती

१७ ऑक्टोबर २००३ रोजी सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वर तीन संवेदक होते. अविफ्स हा संवेदक ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत असे. परंतु त्याचा एक पिक्सेल ५६ मीटरचा, म्हणजे सुमारे ३,१०० चौरस मीटरचा होता. लिस-३ ची विभेदनक्षमता २३.५ मीटर, तर लिस-४ ची ५.८ मीटर होती. हेच संवेदक पुढे रिसोर्ससॅट-२ (२०११) व २ए (२०१६) यांवरही बसविण्यात आले. खाडीकाठची वीस-पंचवीस मीटर रुंदीची खारफुटीची ओळ अविफ्सच्या प्रतिमेत शेजारच्या पाण्यात मिसळून जाते. लिस-४ मध्ये ती स्पष्ट दिसते. व्याप्ती वाढली की तपशील घटतो, म्हणूनच एकाच उपग्रहावर भिन्न संवेदकांची योजना करावी लागते.

समुद्राचे निरीक्षण निराळे असते. १९९९ च्या ओशनसॅट-१ वरील वर्णमापकाची विभेदनक्षमता केवळ ३६० मीटर होती. परंतु दर दोन दिवसांनी तोच प्रदेश पुन्हा पाहता येई. पाण्यातील हरितद्रव्याच्या प्रमाणावरून माशांचे संभाव्य क्षेत्र ठरवायचे असल्यास सूक्ष्म तपशिलापेक्षा ही वारंवारताच अधिक मोलाची ठरते. ही मालिका २०२२ मध्ये ईओएस-०६ ने पुढे नेली.

मर्यादा

हे उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत फिरत असल्याने एखाद्या स्थळावरून ते नेहमी साधारण एकाच स्थानिक वेळी जातात. भरतीची वेळ मात्र रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. परिणामी दोन प्रतिमांतील किनारा सरकलेला दिसला, तरी तो धूप झाल्यामुळे की ओहोटीमुळे, हे भरतीची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा अडथळा पावसाळी ढगांचा होय. त्यावर सूक्ष्मलहरी रडार हा उपाय आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या भारत-अमेरिका संयुक्त निसार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून आणि पर्णसंभारातूनही आत शिरतात. त्याचे आवर्तन १२ दिवसांचे आहे.

सामाजिक संदर्भ

या तंत्राचे महत्त्व केवळ वैज्ञानिक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई करताना उपग्रह प्रतिमांच्या आधारे तिचे नकाशे तयार करण्याचे निर्देश दिले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग ठरविण्यात आला. ‘येथे खारफुटी नव्हतीच’ असा दावा झाल्यास जुनी प्रतिमा तो तपासण्याचे साधन ठरते.

समारोप

उपग्रह भराव थांबवू शकत नाही. तो केवळ नोंद ठेवतो. त्या नोंदीचा अर्थ लावण्यासाठी भरतीचे कोष्टक, प्रत्यक्ष स्थळपाहणी आणि खाडीत रोज वावरणाऱ्या मच्छीमारांचे ज्ञान यांची जोड आवश्यक आहे. अशी जोड मिळाली तरच अवकाशातून दिसणारा बदल जमिनीवरील निर्णयापर्यंत वेळेत पोहोचू शकेल.