सायकलस्वार पाण्यात उतरतो तेव्हा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारा स्वार पाहिला, म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या मांड्यांकडेच जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु मांड्या राबत असताना त्याचे उरलेले शरीर काय करीत असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पाठ वाकलेली, मान वर उचललेली, खांदे पुढे आलेले आणि तळहात दांड्यावर रोवलेले, अशा एकाच स्थितीत तो तासन् तास जखडलेला असतो. वर्षानुवर्षे हाच एक व्यायाम केला, की छातीचे स्नायू आखडतात, मान व पाठ दुखू लागते, आणि अख्खा घाट चढून जाणाऱ्या गड्याला सकाळी मान वळविताना कष्ट पडतात.

पोहण्याचे महत्त्व ते येथे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट; त्यामुळे हाताच्या प्रत्येक ओढीला विरोध होतो. उलट तेच पाणी शरीराचे बहुतेक वजन उचलून धरीत असल्याने सांध्यांना विसावा मिळतो. उताणे पोहताना तर खांदे मागे जातात आणि छाती उघडते. सायकलीवरील बैठकीच्या हे नेमके उलट. त्याहूनही मोलाचे आहे ते श्वासाचे शिक्षण. सायकलीवर हवा हवी तेव्हा मिळते. पाण्यात मात्र तोंड वर येईल तेवढ्या क्षणातच श्वास घ्यावा लागतो, आणि छातीभोवती पाण्याचा दाब असल्यामुळे बरगड्या फुलविण्यास अधिक जोर लागतो.

प्रारंभी बहुधा फजितीच होते. पायडल मारून ताठ झालेले घोटे पाण्यात नीट लवत नाहीत, भारदस्त पाय खाली खाली जातात, आणि पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले पोर या पट्टीच्या सायकलपटूला सहज मागे टाकते! नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणाराही येथे फसतो, कारण आडव्या स्थितीत व पाण्याच्या दाबाने हृदयाकडे रक्त अधिक परतते आणि नाडी एरवीपेक्षा मंद चालते. गुडघा दुखत असेल, तर बेडकासारखे पाय झाडून पोहणे टाळावे; त्यात गुडघ्याच्या आतील बाजूस ताण बसतो.

आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, शक्यतो दमछाक करणाऱ्या दौडीच्या दुसऱ्या दिवशी, एवढे पोहणे पुरे. त्याने घाटातील वेग वाढेल अशी आशा मात्र धरू नये. मांडीला चढाची सवय चढावरच लागते.

पण एक उणीव पोहण्यानेही भरून निघत नाही. हाड बळकट राहते ते भाराने आणि धक्क्याने. सायकलीवर शरीराचा भार बैठकीवर असतो, पाण्यात तो पाण्यावर असतो. केवळ सायकल चालविणाऱ्या अनेक स्पर्धकांच्या कमरेच्या मणक्यांत हाडांची घनता कमी आढळली आहे, आणि तिशी-पस्तिशीतील धडधाकट माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. हवाई बेटांपैकी ओआहू येथे १९७८ साली पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली. तीत सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे व १८० किलोमीटर सायकल यांच्या जोडीला ४२ किलोमीटर धावणेही होते. सामान्य सायकलस्वाराला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. दोरीवरच्या उड्या, जिने चढणे किंवा माफक वजन उचलणे त्याच्या आठवड्यात बसले, तरी हाडांचे काम भागते.