अवटुग्रंथीचा रक्त-अहवाल आणि औषधसेवनकाल

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वैद्यांकडे येणारा अवटुग्रंथीचा रुग्ण आज सहसा रिकाम्या हाताने येत नाही. माण, खटाव, जत किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातील हा रुग्ण सातारा, कऱ्हाड, सांगली अथवा मिरज येथे तपासणी करून आलेला असतो. त्याच्या पिशवीत टी.एस.एच.चा अहवाल असतो, थायरॉक्सिनच्या गोळ्यांची बाटली असते, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या असतात आणि पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी दिलेली भस्माची पुडीही असते. अहवालातील आकड्याचा अर्थ लावण्यापूर्वी ही सारी पिशवी तपासणे अगत्याचे आहे, याकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधणे हा या लेखाचा हेतू आहे.

अहवाल काय सांगतो?

टी.एस.एच. हा अवटुग्रंथीचा स्राव नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तो स्रवते आणि त्याद्वारे अवटुग्रंथीला कामास लावते. अवटुग्रंथी मंदावली की टी.एस.एच. वाढतो, ती अतिरेकाने स्रवू लागली की तो घटतो. प्रौढांत त्याची सामान्य मर्यादा साधारणतः ०.४ ते ४ असते. तथापि प्रयोगशाळेगणिक ती बदलते, म्हणून त्याच अहवालावर छापलेली मर्यादा प्रमाण मानावी. वृद्धांत व गर्भिणींत मर्यादा निराळ्या असतात.

टी.एस.एच. वाढलेला आणि फ्री टी-४ घटलेला असेल तर निदान स्पष्ट आहे. टी.एस.एच. किंचित वाढलेला, पण फ्री टी-४ प्राकृत असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. अशा अनेक रुग्णांत आकडा आपोआप पूर्ववत होतो. टी.एस.एच. १० च्या वर टिकून राहिल्यास मात्र उपेक्षा करू नये. फ्री टी-४ कमी असूनही टी.एस.एच. वाढलेला नसेल तर दोष पियुषिका ग्रंथीत असण्याचा संभव असतो. असा रुग्ण विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावा. अँटी-टी.पी.ओ. प्रतिद्रव्ये वाढलेली आढळल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटली आहे, असे समजावे.

येथे एक शास्त्रीय दक्षता आवश्यक आहे. सुश्रुताचार्यांनी वातज, कफज व मेदोज असा त्रिविध गलगंड वर्णिला आहे; तो गळ्यावरील शोथ होय. ग्रंथीची क्रिया मंदावलेल्या अनेक रुग्णांत गळ्यावर शोथ नसतोच. म्हणून प्रत्येक वाढलेल्या टी.एस.एच.ला गलगंड समजून कांचनार गुग्गुळ देणे युक्त नव्हे. अग्नी, धातू व स्रोतस यांचा विचार त्या-त्या रुग्णात स्वतंत्रपणे करावा.

अभक्तकालाचे औषध

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. त्या परिभाषेत बोलायचे तर थायरॉक्सिन हे अभक्तकालाचे औषध आहे. ते सकाळी उपाशीपोटी केवळ पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध किंवा न्याहारी घेऊ नये. लोह व कॅल्शियम आतड्यात त्यास बांधून ठेवतात व त्याचे शोषण घटवतात. म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे.

शंख, कपर्दिक, मुक्ताशुक्ती, प्रवाळ ही आपली द्रव्ये मूलतः कॅल्शियमचीच आहेत. धात्री लोह, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांत लोह आहे. म्हणजे जो नियम आधुनिक गोळ्यांना लागू, तोच या कल्पांनाही लागू करणे शहाणपणाचे.

एक उदाहरण कल्पून पाहू. टी.एस.एच. ३ वर स्थिर असलेल्या एका गृहिणीस आम्लपित्तासाठी प्रवाळ पंचामृत व पांडुतेसाठी धात्री लोह दिले आणि तिने ते सकाळच्या गोळीबरोबरच घेतले. दोन महिन्यांनी आकडा ९ झाला. तिच्या डॉक्टरांनी थायरॉक्सिनची मात्रा वाढवली. पुढे भस्मे संपली, मात्रा तशीच राहिली आणि टी.एस.एच. ०.१ वर आला. हृद्‌द्रवता, कंप, अनिद्रा सुरू झाली. वयस्क रुग्णांत अशा अतिमात्रेने हृदयाची गती अनियमित होते व अस्थिक्षय वाढतो. औषधे सारी योग्य होती, चुकला तो केवळ काल.

अश्वगंधेचा विचार निराळा करावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५० रुग्णांवरील आठ आठवड्यांच्या एका भारतीय अभ्यासात अश्वगंधेच्या अर्काने टी.एस.एच. उतरल्याचे नोंदले आहे. अभ्यास लहान आहे, परंतु थायरॉक्सिन चालू असलेल्या रुग्णास अश्वगंधा देताना पुनर्तपासणी आवश्यक आहे, एवढे त्यावरून निश्चित होते. ग्रंथी अतिरेकाने स्रवत असलेल्या रुग्णात ती टाळावी.

जीवनसत्त्वांचा विचार

केस व नखांसाठी बायोटिनच्या ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. शरीराची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे याच्या शतांशाहूनही कमी आहे. काही तपासणीपद्धतींत हे अतिरिक्त बायोटिन टी.एस.एच. खोटा कमी व टी-४ खोटा जास्त दाखवते आणि निरोगी व्यक्तीस अतिस्रावाचा रुग्ण ठरवते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवण्यास सांगावे.

शाकाहारी रुग्णांत व दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची न्यूनता वारंवार आढळते. प्रतिद्रव्यजन्य अवटुविकारासोबतही ती असू शकते. थकवा, मुंग्या, विस्मृती ही लक्षणे दोन्हींत समान आहेत. टी.एस.एच. ताब्यात असूनही थकवा जात नसेल तर बी-१२, हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासावे. वनस्पतिज कल्पांतून बी-१२ मिळत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. केवळ फॉलिक अॅसिड दिल्यास रक्त सुधारते, पण नाडीसंस्थेची हानी चालूच राहते.

'ड' जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमहून कमी असल्यास ते भरून काढणे योग्य. त्याने अवटुविकार बरा होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकते.

आपण सैंधवाची प्रशंसा करतो. परंतु आयोडिनयुक्त न केलेले सैंधव हेच घरातील एकमेव मीठ झाल्यास आयोडिनची तूट संभवते. गर्भिणीच्या घरी तर याकडे विशेष लक्ष द्यावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

थायरॉक्सिनची बाटली उष्णता, ओल व प्रकाश यांपासून जपावी. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात याचे महत्त्व अधिक आहे. ग्राहकास नेहमीच्याच कंपनीची गोळी द्यावी. कंपनी बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी सुचवावी. या औषधाचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने त्यापूर्वीचा अहवाल दिशाभूल करतो. रक्त शक्यतो दर वेळी त्याच प्रयोगशाळेत, सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे.

आपल्या औषधाने बरे वाटू लागले म्हणून कोणत्याही रुग्णास, विशेषतः गर्भिणीस, थायरॉक्सिन परस्पर बंद करावयास सांगू नये. गर्भाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते आणि गर्भारपणात मात्रा बहुधा वाढवावीच लागते.

प्रत्येक पुडीवर औषधाच्या नावासोबत सेवनकाल व 'थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी' एवढे शब्द ठळक लिहावेत. त्यास खर्च काहीच नाही, आणि पुढच्या खेपेस रुग्णाच्या हातातील आकडा अधिक विश्वासार्ह असेल.