चासीवरून बॉडी उतरवताना

रचना : शिडीसारखी पोलादी चौकट, म्हणजे चासी, इंजिन व ॲक्सल पेलते आणि बॉडी तिच्यावर रबरी पॅकिंग घालून बोल्टने बसवलेली असते, महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या विलिस जीप आणि २००० साली आलेली बोलेरो याच बांधणीच्या आहेत. याउलट १९८३ च्या मारुती ८०० मध्ये चौकट व पत्रा एकसंध असल्याने बॉडी उतरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कारण : राजूर ते घाटघर हा अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा मुसळधार पावसाचा असल्याने ओला चिखल चासीच्या सांध्यांत अडकतो आणि गंज बाहेर दिसण्याआधीच पॅकिंगखालचा पत्रा पोखरला जातो, म्हणून बॉडी उतरवावी लागते.

सोडवणूक : प्रथम बॅटरीची ऋण वायर, नंतर स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक, क्लच व हँडब्रेकच्या जोडण्या, रेडिएटरचे पाइप आणि वायरिंग सोडवतात, विसर पडतो तो बहुधा इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल सोडतात. उघड्या जीपच्या बॉडीला दारांच्या जागी तात्पुरता आडवा अँगल जोडतात, अन्यथा ती उचलताना मधोमध वाकते. चेन-पुलीने वर घेतलेल्या बॉडीखाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय शिरणे जीवघेणे ठरते.

कायदा : चासी क्रमांक चौकटीवर कोरलेला असल्याने तीच बॉडी पुन्हा बसवल्यास वाहनाची ओळख बदलत नाही, मात्र नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत.