डावीकडचा पत्ता, उजवीकडचा माणूस

पोस्टफिक्समध्ये फॉरवर्डिंगचा सगळा कारभार एका साध्या टेक्स्ट फाइलवर चालतो. डावीकडे डोमेनवरचा पत्ता, मध्ये मोकळी जागा आणि उजवीकडे तो मेल जिथे पोचवायचा तो पत्ता. फाइल सेव्ह करायची, पोस्टमॅप चालवायचं, की झालं. माझ्याकडच्या फाइलमध्ये सांगली-मिरजेकडची डोमेनं एकाखाली एक आहेत: बेदाण्याचा व्यापारी, दवाखाने, मंगल कार्यालय, शिक्षणसंस्था. वेबसाइटी एकाच सर्व्हरवर, मेल मात्र ज्याच्या त्याच्या जीमेलवर. लहान धंद्याला हे परवडतं. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावाचा पत्ता येतो आणि मालकाला नवा पासवर्ड सांभाळावा लागत नाही.

ओळी वेगळ्या असल्या तरी सर्व्हर एकच, त्याचा आयपी अॅड्रेसही एकच, आणि जीमेलच्या लेखी मेल आणून देणारा तोच. मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर आलेलं स्पॅम आपण जसंच्या तसं पुढे ढकललं, तर ते आपल्याच नावावर जमा होतं. भुर्दंड बसतो दवाखान्याला: त्यांचे रिपोर्ट उशिरा पोचतात, नाहीतर स्पॅममध्ये जाऊन पडतात. अनेक डोमेनं एकत्र सांभाळणाऱ्याने सगळ्यात आधी हे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून कॅच-ऑल मी कुणालाच लावून देत नाही. डावीकडे नुसतं अॅट आणि डोमेनचं नाव लिहिलं, की त्या डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याचा मेल आत येतो. ‘एकही चौकशी हुकायला नको’ म्हणून मालक आग्रह धरतात. त्यांची काळजी मला कळते. पण स्पॅम पाठवणारे अंदाजाने शेकडो नावं लावून बघतात आणि कॅच-ऑल त्या सगळ्यांना दार उघडतं. त्यापेक्षा लागतील तेवढे चार-पाच पत्ते नावानिशी लिहावेत. पोस्टमास्टरचा पत्ता मात्र प्रत्येक डोमेनवर हवाच; मेलच्या मूळ नियमांतच तो सक्तीचा आहे. स्पॅम अडवायचं तेही स्वीकारण्याआधी, दारातच. एकदा घेऊन मग परत पाठवलं, तर ते बहुतेक वेळा अशा माणसाच्या माथी बसतं, ज्याचा पत्ता कुणीतरी चोरून वापरलेला असतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. मेलला दोन प्रेषक असतात: एक आपल्याला पत्रावर दिसतो तो, दुसरा पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. एसपीएफची तपासणी पाकिटावरच्या नावावर होते: या डोमेनच्या वतीने मेल द्यायची परवानगी या आयपीला आहे का? बँकेचा मेल आपण पुढे पाठवला, की पाकिटावर नाव बँकेचं आणि दारात उभा आपला सर्व्हर. तपासणी तिथेच फसते. लॉगमध्ये ‘बाउन्स्ड’ आणि पुढे ५५० ५.७.२६ दिसलं, की जीमेलला पाठवणाऱ्याची ओळख पटलेली नाही हे समजावं. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगलने हे नियम आणखी कडक केले.

यावर एसआरएस नावाचा उपाय आहे. तो पाकिटावरचा प्रेषक बदलून तिथे आपल्या डोमेनचा पत्ता घालतो आणि मूळ पत्ता त्यातच गुंफून ठेवतो, म्हणजे मेल परत फिरलाच तर मूळ माणसापर्यंत जाऊ शकतो. एसपीएफ सुटतं, डीमार्क मात्र सुटत नाही, कारण डीमार्क पत्रावर दिसणारं नाव बघतं. तिथे आधार उरतो मूळ प्रेषकाच्या डीकेआयएम सहीचा. ती सही फॉरवर्डिंगमधूनही टिकते, पण मजकुराला हात लावला नाही तरच. विषयाच्या आधी ‘बाहेरचा मेल’ असं जोडलं किंवा तळाशी व्हायरस तपासल्याची एक ओळ चिकटवली, की बहुधा सही मोडते. मी मधल्या वाटेवर मेलमध्ये अक्षरसुद्धा बदलू देत नाही. नवीन ओळ घातली, की बाहेरच्या खात्यावरून मेल पाठवतो आणि पोचलेल्या मेलचे हेडर खालून वर वाचतो. सगळ्यात खालचा ‘रिसीव्ह्ड’ पहिल्या टप्प्याचा असतो.

पण फाइल सर्वांत लवकर शिळी होते ती उजवीकडून. हिशेब बघणारा मुलगा नोकरी सोडून जातो आणि ‘अकाउंट्स’चा मेल त्याच्या खासगी जीमेलवर जातच राहतो. सगळं सुरळीत पोचत असतं, म्हणून कुणाची तक्रारही येत नाही. व्यापाऱ्यांची बिलं, खाते क्रमांक, भाव, सगळं बाहेरच्या माणसाच्या हातात. यात त्या मुलाचा काही दोष नसतो. मार्चअखेरीला मी प्रत्येक मालकाला त्याच्या डोमेनच्या ओळी फोनवर वाचून दाखवतो. ‘हा कोण? तो तर गेला की कधीच!’ हे उत्तर मला नेहमीच ऐकू येतं. ती ओळ फोन चालू असतानाच काढतो.

ज्यांचे पैशांचे व्यवहार मेलवर चालतात, त्यांना मी आता ‘अकाउंट्स’साठी फॉरवर्डिंग देतच नाही. महिन्याला थोडे पैसे गेले तरी चालतील, पण तिथे स्वतंत्र मेलबॉक्सच घ्यायला लावतो. माणूस बदलला की पासवर्ड बदलता येतो आणि जुना पत्रव्यवहार दुकानातच राहतो.