आधी ऐका, मग बोला

हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूत आणि महाविद्यालयं वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली. मध्ये प्रशांत महासागर. टेलिफोनच्या तारा महागड्या, शिवाय बेभरवशाच्या. विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांचा नाद सोडून रेडिओलहरींचा रस्ता धरला. जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झालं. आज घरोघरी पोचलेल्या वायफायचं मूळ शोधायला निघालं, की या बेटांवर थांबावंच लागतं.

तारेनं जोडलेल्या दोन यंत्रांची वाट त्यांच्यापुरती असते. हवा मात्र सगळ्यांची. बिनतारी जाळ्यातल्या बहुतेक संज्ञा या एका अडचणीतून जन्मल्या आहेत.

अलोहानेटमध्ये दोन वारंवारिता होत्या. मध्यवर्ती यंत्राकडून टर्मिनलांकडे ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर माहिती जायची. तिथे बोलणारा एकच, म्हणून गोंधळ नाही. उलट दिशेनं ४०७.३५० मेगाहर्ट्झवर सगळी टर्मिनलं एकाच वाटेनं यायची. कोणी कधी बोलायचं? अब्रामसन यांचं उत्तर धाडसी होतं: ज्याला जेव्हा पाठवायचंय त्यानं तेव्हा पाठवावं, परवानगी मागू नये.

एक पाकीट, म्हणजे पॅकेट, ७०४ बिटांचं. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं ते हवेत जेमतेम ७३ मिलिसेकंद असायचं. तेवढ्यात दुसऱ्या पाकिटाची शेपटी जरी त्यावर पडली तरी दोन्ही बाद. ही टक्कर. पाकीट नीट पोचलं तर मध्यवर्ती यंत्र पोच द्यायचं. पोच आली नाही, की टर्मिनल थोडं थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. हे ‘थोडं’ दर वेळी वेगळं, नशिबावर सोडलेलं. दोघं सारखंच थांबले असते तर पुन्हा एकमेकांवरच आदळले असते. साऱ्या रचनेतली ही सर्वांत देखणी गोष्ट. ना मुकादम, ना टोकन, तरी कामं होतात. किंमत मोजावी लागायचीच: वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच सत्कारणी लागायची.

अब्रामसन यांचा शोधनिबंध रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात आला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटची कल्पना मांडली, ती मात्र तारेवरची. त्यात मोलाची भर पडली ती ही, की बोलण्याआधी वाट मोकळी आहे का ते ऐकायचं आणि बोलतानाही टक्कर होतेय का याकडे कान ठेवायचा.

१९८५ साली अमेरिकेनं काही रेडिओपट्टे परवान्याशिवाय बिनतारी संपर्कासाठी खुले केले आणि १९९७ मध्ये बिनतारी जाळ्यांचं ८०२.११ हे मानक आलं. वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. दोन वर्षांत तो ११ वर गेला आणि ‘वायफाय’ हे नावही रूढ झालं. इथे इथरनेटची अर्धी युक्ती चालत नाही. रेडिओ बोलत असताना स्वतःच्याच आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून वायफाय टक्कर ओळखण्याऐवजी टाळू पाहतं: आधी ऐकतं, मग मनाला येईल तेवढं थांबतं, मग पाठवतं आणि पोचेची वाट बघतं. १९७१ ची चाल अजून जिवंत आहे.

तरी एक फट राहतेच. बैठकीतला फोन आणि स्वयंपाकघरातला लॅपटॉप, दोघांनाही मधला राउटर ऐकू येतो. पण भिंतींमुळे एकमेकांचं अस्तित्व कळत नाही. दोघांनाही वाट मोकळी वाटते आणि टक्कर राउटरपाशी होते. याला ‘लपलेल्या यंत्राची’ अडचण म्हणतात.

भारतात वायफायसाठी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनेल वापरता येतात, पण आकड्यावर जाऊ नये. शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २०. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी तीनच धरतात: १, ६ आणि ११. त्यातच मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस, पण भिंतींपुढे त्या लहरी लवकर दमतात.

वारंवारिता जितकी कमी, तितक्या लहरी लांब जातात आणि झाडीतूनही बऱ्या शिरतात. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानं पालघर जिल्ह्यात हेच हेरलं. टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या वारंवारितांवरून गावापर्यंत जोडणी न्यायची आणि गावात वायफाय द्यायचं, असा प्रयोग तिथल्या गावांत झाला. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. डोंगरपाड्यांना नव्या फोनपेक्षा योग्य वारंवारितेची गरज अधिक आहे, हे या कामानं दाखवलं.

शहरातल्या वाचकाला मात्र एवढं आजच करता येईल: राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगसोबत चॅनेलांचाही विषय घ्या. १, ६, ११ शेजाऱ्यांनी समजुतीनं वाटून घेतले, तर सगळ्यांचंच नेट सुधारेल.