काडाच्या भिंती आणि पस्तीस टक्के

इंग्लंडच्या उत्तर भागात लीड्स शहर आहे आणि त्याच्या पश्चिम अंगाला ब्रॅमली नावाची जुनी वस्ती. तिथे एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेची मोकळी जागा होती. २०१३ साली त्या जागेवर उभारलेल्या वीस घरांत माणसं राहायला आली. त्या घरांच्या भिंती जवळपास हातभर जाड आहेत आणि त्यांच्या पोटात गव्हाचं काड आहे. वसाहतीचं नाव लायलॅक. पर्यावरणावर कमी भार टाकणारं जगणं आणि परवडणारी वस्ती, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे. ते एका फुलझाडाचंही नाव आहे.

लायलॅकची गोष्ट सांगताना सगळे काडापासून सुरुवात करतात, आणि तसं करावंसं वाटणं साहजिकच आहे. जनावरांच्या पायाखाली अंथरायची वस्तू शहरातल्या तीन मजली इमारतीच्या भिंतीत जाऊन बसते, याचं नवल वाटणारच. माझं म्हणणं इतकंच की तिथली खरी टिकाऊ रचना काडाइतकीच हिशेबाच्या वहीत आहे. पण आधी भिंत नीट पाहू.

ब्रिस्टलच्या व्हाइट डिझाइन या वास्तुरचनाकार संस्थेने इथे ‘मॉडसेल’ नावाची पद्धत वापरली. लाकडाची भक्कम चौकट करायची, तिच्यात काडाचे गठ्ठे दाबून बसवायचे, वर चुन्याचा गिलावा द्यायचा आणि भिंतीचा तो तयार तुकडा क्रेनने उचलून जागेवर लावायचा. त्यासाठी बांधकामापासून फार दूर नाही अशा ठिकाणी तात्पुरता कारखाना थाटला होता. पुढे ज्या भिंतींच्या आडोशाला राहायचं त्यांच्यात काड भरायला वसाहतीचे सभासद स्वतः गेले.

काडाचं घर म्हटलं की पहिला प्रश्न आगीचा येतो. सुटं काड भडकतं, पण दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवाच खेळत नाही, त्यामुळे आग आत शिरायला कचरते. वर गिलाव्याचं चिलखत असतंच. खरा शत्रू ओल. इथे चुना उपयोगी पडतो. तो ओल शोषतो आणि पुन्हा हवेत सोडून देतो. त्याच भिंतीला सिमेंटने लिंपलं, तर आत अडकलेली ओल काही वर्षांत काड कुजवून टाकेल. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंती सिमेंटने ‘दुरुस्त’ केल्यावर पोपडे कसे सुटतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता कार्बनचा हिशेब. वाळलेल्या काडाच्या वजनात साधारण चाळीस टक्के कार्बन असतो, म्हणजे एक किलो काडामागे गव्हाने हवेतून सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. काड जाळलं किंवा कुजलं की तो हवेत परत जातो. भिंतीत कोंडला की घर उभं असेपर्यंत तिथेच राहतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, हे शेजारी ठेवून पाहावं. शिवाय काडाच्या गठ्ठ्यांतून उष्णता सहज बाहेर पळत नाही. घरात हवा बदलणारं यंत्र आहे. बाहेर टाकायच्या उबदार हवेतली ऊब ते आत येणाऱ्या थंड हवेला देतं. लीड्ससारख्या थंड, ओलसर गावात घर गरम ठेवणं हाच ऊर्जेचा मोठा खर्च, आणि तो इथे मुळातच आखडला जातो. छपरांवर सौर पॅनेल आहेत, आणि मधल्या तळ्यात पावसाचं पाणी उतरतं.

पण वसाहतीच्या मध्यावर असलेलं सामायिक घर मला या सगळ्याहून मोलाचं वाटतं. तिथे मोठं स्वयंपाकघर आहे, एकत्र जेवायची जागा आहे, कपडे धुण्याची खोली आहे आणि पाहुण्यांसाठी सोयही आहे. आपल्याकडे वीस घरांच्या इमारतीत वीस वॉशिंग मशीन असतात आणि दिवसाचे बहुतेक तास ती नुसती उभी असतात. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी प्रत्येक जण एक खोली जास्तीची बांधतो, तिचं कर्ज फेडतो, ती झाडतो. लायलॅकमध्ये ती खोली वीस घरांत वाटली गेली, म्हणून प्रत्येक घर थोडं लहान झालं. जी खोली बांधलीच नाही तिला काडही लागत नाही. गाड्यांसाठीही घरांच्या संख्येहून कमी जागा ठेवली, आणि वाचलेल्या जमिनीत बाग आली, भाजीचे वाफे आले.

सामायिक घराची ही कल्पना डेन्मार्कची. वास्तुरचनाकार जान गुडमन-होयर १९६४ पासून मित्रांबरोबर तिच्या मागे होते, आणि १९६७ साली बोडिल ग्रॉ यांनी मुलांना शंभर आईबाप असावेत अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्या लेखानंतर जमलेल्या कुटुंबांमधून १९७२ मध्ये सेटेडॅमन ही सत्तावीस घरांची वसाहत झाली. तिच्यामागे पर्यावरणाची काळजी नव्हती. मुलांना सोबत हवी होती आणि चार भिंतींतला एकटेपणा नको होता. जागेची, विजेची, वस्तूंची बचत त्या सोबतीच्या पोटातून आली. नंतरच्यांनी तिला नेमकेपणा दिला. लँकेस्टरजवळ हाल्टनला ल्यून नदीकाठी एक्केचाळीस घरांची वसाहत २०१२ साली झाली. तिथली घरं ‘पॅसिव्हहाउस’ या जर्मन मानकाची आहेत. त्या मानकात घर गरम करायला दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ किलोवॅट-तासांहून जास्त ऊर्जा लागू नये असा दंडक आहे.

तरी एक अडचण उरते. असं सुरेख घर बांधलं की त्याचा भाव चढतो. दहा वर्षांनी पहिला राहणारा ते चढ्या भावाने विकतो, आणि पर्यावरण जपणारी वसाहत ही खिसा भरलेल्यांची वसाहत होऊन बसते. लायलॅकने या ठिकाणी बांध घातला. घरं कोणाच्याच नावावर नाहीत. ती सगळी सोसायटीची. ट्रायोडोस बँकेचं कर्जही सोसायटीनेच काढलं. सभासद आपल्या निव्वळ उत्पन्नाचे पस्तीस टक्के दरमहा सोसायटीला देतो. देखभालीचा वगैरे खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून कर्ज फिटतं आणि त्या प्रमाणात सभासदाच्या खात्यावर भाग जमा होतात. तो सोडून गेला तर भागांचे पैसे घेऊन जातो, पण त्यांचं मोल घरांच्या बाजारभावावर ठरत नाही. लोकांच्या सरासरी कमाईशी बांधलेलं असतं. ब्रिटनमध्ये या पद्धतीची ही पहिलीच वसाहत. संस्थापकांपैकी एक, लीड्स विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक पॉल चॅटर्टन यांनी २०१५ मध्ये या साऱ्या खटाटोपावर पुस्तक लिहिलं आहे.

‘सोसायटी’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही, आणि लायलॅकच्या व आपल्या सोसायटीचं मूळही एकच आहे. लीड्सपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी सहकारी दुकान उघडलं, तिथून सहकाराचा धागा आपल्यापर्यंत आला. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी तिच्यामागे होते. महाराष्ट्राच्या सहकारी नियमांत आजही गृहनिर्माण संस्थेचा एक प्रकार असा आहे, की जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची आणि सभासद तिथे राहणारे. आपण बहुतेकांनी ‘सोसायटी’चा अर्थ पार्किंगची भांडणं आणि दरमहाची पावती इथवर आखडून घेतला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लायलॅकमध्येही सगळ्यांना जागा मिळत नाही. घराच्या आकारानुसार किमान उत्पन्नाची अट आहे, कारण त्याखाली हप्त्यांतून कर्ज फिटत नाही. अगदी गरिबाला ही दारं अजून उघडलेली नाहीत, आणि हे तिथल्या हिशेबातलं उणं लपवून चालणार नाही.

आपल्याकडे हे करायचं म्हटलं तर काड, चुना, सुतार सगळं मिळेल. पस्तीस टक्क्यांचा हिशेब मांडायला मात्र प्रत्येकाला आपली कमाई सोसायटीच्या वहीत खरी-खरी लिहावी लागते, आणि पगार वाढला किंवा नोकरी गेली की तेही जाऊन सांगावं लागतं. ब्रॅमलीतली वीस घरं त्या वहीवर चालली आहेत.